आठ अंशांचा उतार

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भोसरीच्या एमआयडीसीत कुठल्याही गाळ्यात डोकावलं तरी लगबग सारखीच असते. कूलंटच्या टाक्यांतला गाळ उपसला जातो, मशिनच्या दारांच्या काचा लख्ख होतात, झेंडूचे ढीग ऑफिसच्या टेबलावर येऊन पडतात. यंदा अशाच एका गाळ्यात मी दुपारभर बसून होतो. सहा व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी उभी मिलिंग मशिनं, दोन जुनी हाताने चालवायची मिलिंग मशिनं, वीस-बावीस माणसं. कोपऱ्यात पत्र्याच्या ट्रेमध्ये रॉकेल आणि त्यात बुडवलेले सत्तर-ऐंशी कॉलेट. ट्रेसमोर स्टुलावर बसलेल्या बाई एकेक कॉलेट उचलत होत्या, जुन्या टूथब्रशने त्याच्या फटी घासत होत्या, हवा मारत होत्या आणि उजेडाकडे धरून आरपार बघत होत्या. त्यांना सगळे ताई म्हणतात. त्या इथल्या सेटर. कुठल्या मशिनवर कुठला कटर किती बाहेर काढून धरायचा, हे त्या ठरवतात.

“मशिनला हार घालतात, त्याचं मला काही नाही,” त्या ब्रश न थांबवता म्हणाल्या, “पण जॉब कापतो तो कटर, आणि कटर धरतो तो हा. याला वर्षातून एकदाच आंघोळ घालून कसं चालेल?”

टूलरूममध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली. नोकरी सुटून बराच काळ झाला, तरी गाळ्यात शिरलं की माझी नजर आधी कॉलेटच्या ट्रेकडे जाते. लाखो रुपयांच्या मशिनची आणि हजारो रुपयांच्या कार्बाइड कटरची गाठ ज्या एका फटी पाडलेल्या नळीत पडते, ती नळी शॉपमध्ये कशी ठेवली आहे, यावरून तिथल्या कामाबद्दल मला पुष्कळ कळतं.

ज्यांनी मिलिंग मशीन जवळून पाहिलेलं नाही त्यांनी इंजिनिअरिंग ड्रॉइंगवाल्यांची क्लच पेन्सिल आठवावी. मागचं बटण दाबलं की पुढचे पितळी ओठ उघडतात, शिसं घसरतं. बटण सोडलं की ओठ मिटतात आणि शिसं घट्ट धरतात. घड्याळजीच्या हातातला पिन व्हाइस तोच. फ्रेंच भाषेत कॉलेट म्हणजे गळ्याभोवतीची छोटी पट्टी. मिलिंगचा कॉलेट हीच गळपट्टी, फक्त स्प्रिंगच्या पोलादाची. बाहेरून निमुळता, आतून सरळ भोक, आणि दोन्ही टोकांकडून आळीपाळीने पाडलेल्या उभ्या फटी. निमुळत्या खोबणीत तो जसजसा आत ढकलला जातो, तसतशा फटी मिटत जातात आणि भोक चहूबाजूंनी सारखं लहान होतं. कटरचा दांडा त्या मिठीत अडकतो. या मिठीत किल्ली नाही, खाच नाही, पिन नाही. एका मिनिटात आठ हजार फेरे फिरणारा कटर पोलादात घुसतो तो निव्वळ घर्षणाच्या भरवशावर.

जुन्या मशिनवर कॉलेट थेट स्पिंडलमध्ये, म्हणजे मशिनच्या फिरत्या दांड्यात, बसायचा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाच्या गावी रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम यांनी १९३८ साली जी कंपनी काढली, तिच्या मिलिंग मशिनबरोबर आर-८ नावाचा कॉलेट जगभर गेला. वरून लांब ड्रॉबार घालायचा, तो आवळून कॉलेट वर ओढायचा. काढताना ड्रॉबार थोडा सैल करून वरून हातोडीचा एक टोला. त्यात प्रत्येक मापाला वेगळा कॉलेट लागतो. पंधराचा कटर सोळाच्या कॉलेटमध्ये धरायला गेलात तर तो धरल्यासारखा वाटतो आणि काम सुरू झालं की सुटतो.

आज आपल्याकडे शॉपमध्ये कॉलेट म्हटलं की समोर येतो तो ईआर. तो स्वित्झर्लंडचा. फ्रिट्झ वेबर यांनी १९५० साली रेगो-फिक्स ही कंपनी काढली. ‘ई’ नावाचे कॉलेट आधीपासून वापरात होते. त्यांत सुधारणा करून या कंपनीने १९७२ मध्ये पेटंट घेतलं आणि ‘ई’ला रेगोचा ‘आर’ जोडला गेला. पुढे १९९३ मध्ये जर्मन मानकात, डीआयएन ६४९९ मध्ये, त्याची मापं बसवली गेली आणि हा कॉलेट कुणा एकाचा राहिला नाही. आज जपानी, तैवानी, चिनी, आपल्याकडचे, सगळ्यांचे ईआर-३२ कॉलेट एकाच होल्डरमध्ये बसतात. बत्तीस हा आकडा कॉलेटच्या जाड टोकाचा अंदाज देतो. प्रत्यक्षात ते ३३ मिलिमीटर भरतं. लांबी ४० मिलिमीटर. आणि उतार आठ अंशांचा. होल्डर स्वतः स्पिंडलमध्ये ज्या निमुळत्या खोबणीत बसतो, तिचा उतारही जवळपास तेवढाच, आठ अंशांहून किंचित जास्त. एका उतारात दुसरा उतार. दोन्ही ठिकाणी पोलाद पोलादाला पूर्ण टेकलं, तरच कटरचं टोक जागच्या जागी फिरतं.

ते जागच्या जागी फिरलं नाही तर काय होतं, हे ताईंनी मला बोटांवर मोजून दाखवलं. मला ते ठाऊक होतं, पण इतकं सोपं करून मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन दातांचा बारीक कटर घ्या, समजा ३ मिलिमीटरचा. प्रत्येक दाताने २० मायक्रॉनची चिप काढावी असा फीड दिला आहे. आता कटर ३० मायक्रॉन रनआउट दाखवतो आहे, म्हणजे एक दात केंद्रापासून १५ मायक्रॉन बाहेर आणि दुसरा १५ मायक्रॉन आत. दोघांत फरक तीसचा. मग आतला दात वीसपर्यंत पोचणार कसा? तो हवेतच फिरतो. बाहेरचा दात स्वतःचे वीस आणि जोडीदाराचे वीस, असे चाळीस मायक्रॉन एकटा कापतो. “दोन बैलांच्या गाडीला एकच बैल जुंपला,” ताई म्हणाल्या. “तो बैल मेला की आपण कटरच्या कंपनीला शिव्या देतो.”

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. त्याच्या निम्म्याहून कमी, डोळ्याला न दिसणारा अॅल्युमिनिअमचा एक कण कॉलेट आणि होल्डर यांच्यामध्ये अडकला, तरी एवढं सगळं घडतं. कण जाड टोकापाशी अडकला तर कॉलेट किंचित कलतो, आणि तो कल कटरच्या टोकापर्यंत जाताना वाढत जातो. म्हणून कटर जितका बाहेर लोंबता ठेवाल तितकी चूक मोठी होते.

मग त्यांनी कॉलेट होल्डरमध्ये बसवून दाखवला. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण निम्म्या शॉपमध्ये इथेच चुकतं. ईआरच्या नटच्या आत एक कडं असतं आणि ते मुद्दाम एका बाजूला सरकवून पाडलेलं असतं. कॉलेटच्या जाड टोकापाशी एक खाच फिरलेली असते. नट हातात उताणा धरायचा, कॉलेट थोडा तिरका करून त्याची खाच कड्याच्या पुढे आलेल्या बाजूत अडकवायची आणि अंगठ्याने सरळ दाबायचा. ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज आला म्हणजे कॉलेट नटमध्ये बसला. तो बसल्यावर, आणि बसल्यावरच, नट होल्डरवर एक-दोन आटे फिरवायचा, कटर आत घालायचा आणि मग आवळायचा. पुष्कळ पोरं कॉलेट आधी होल्डरमध्ये टाकतात, त्यात कटर घालतात आणि वरून नट फिरवतात. डब्याला झाकण लावावं तसं. मग नटचं कडं खाचेत न बसता कॉलेटच्या तोंडावर चढतं, एका बाजूने रेटतं आणि नट आवळला जातोय तसा कॉलेट वाकडा होतो. काढतानाही पंचाईत, कारण जोराने आवळलेला कॉलेट उतारात चिकटून बसतो आणि त्याला बाहेर ओढायचं काम त्याच कड्याचं. कडं खाचेत नाही म्हणजे ओढणारं कुणी नाही. मग मागून दांडा घालून ठोकाठोक. आणि ज्या कड्याची धार अशी चेचली गेली, तो नट पुढच्या प्रत्येक कॉलेटला वाकडाच धरणार.

बसवायची ही रीत एका वाक्यात सांगता येते, तरी ती कुणी सांगत नाही. कॉलेट इतका साधा दिसतो की शिकवायची गरज आहे असं कुणाला वाटतच नाही. मला स्वतःला आमच्या फोरमननी ती सांगितली तेव्हा नोकरीला लागून सात महिने झाले होते आणि दोन नट मी आधीच खराब केले होते.

नट किती आवळायचा, यावर ताईंचा आणि गाळ्याच्या मालकांचा जुना वाद आहे. मालक स्वतः मशीनवर वाढलेले. त्यांच्या मते कटर हलता कामा नये, मग पान्याला पाइप लावावा लागला तरी चालेल. ताई टॉर्क रेंच मागत होत्या, तो दोन वर्षांनी आला. ईआर-३२ च्या नटला मोठ्या दांड्यासाठी साधारण १३६ न्यूटन-मीटर जोर पुरतो. हिशेब केला तर फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकावर ४५-४६ किलोचा भार, म्हणजे बऱ्यापैकी रेटा. पण त्याच पान्याला मीटरभर पाइप लावून कुणी चाळीस किलोने लोंबकळला, तर हा जोर तिप्पट होतो. त्या जोराने कॉलेट जास्त घट्ट धरत नाही. तो पिळला जातो. नटचे आटे ताणतात, होल्डरचं तोंड फुगतं. दुसरी गोष्ट, होल्डर स्पिंडलमध्ये असताना नट कधीच आवळू नये. तो रेटा थेट स्पिंडलच्या बेअरिंगवर जातो. टेबलावर होल्डर पकडायचं फिक्श्चर असतं, आवळाआवळी तिथे. या शॉपमध्ये ते आहे. मी पाहिलेल्या पुष्कळ शॉपमध्ये ते धूळ खात पडलेलं असतं आणि पोरगं एका हाताने स्पिंडल धरून दुसऱ्या हाताने पाना मारत असतं.

आटे आणि नटच्या आतला उतरता भाग यांना तेलाचं बोट लावावं. तिथे घसरण हवी. कॉलेटचा बाहेरचा उतार, आतलं भोक आणि कटरचा दांडा मात्र कोरडे ठणठणीत हवेत. हे मी फार महागात शिकलो. एका डायच्या ठोकळ्यात मी खोल खिसा काढत होतो. कटर सोळाचा. कपाटातून काढलेला, अंगावर गंजरोधक तेलाचा थर तसाच. कटरच्या दातांना जो पीळ असतो, तो कापताना कटरला होल्डरमधून खाली ओढत असतो, बूच काढायच्या स्क्रूसारखा. पहिले दोन पास बरे गेले. तिसऱ्यात आवाज बदलला. मी तो ऐकला आणि तरी थांबलो नाही, कारण जेवणाची सुटी जवळ आली होती. कटर कॉलेटमधून घसरून जवळजवळ अर्धा मिलिमीटर खाली आला होता. खिशाच्या तळाशी एक उतरती पायरी पडली, बोटाने चाचपली तर लागेल इतकी. ठोकळ्यावर त्याआधी तीन आठवड्यांचं काम झालेलं होतं. फोरमननी काही न बोलता कटर काढला, दांडा आपल्या पांढऱ्या रुमालाला पुसला आणि रुमाल माझ्या हातात दिला. तेलाचा पिवळट डाग होता. तो ठोकळा वेल्डिंग करून पुन्हा कापावा लागला. त्यानंतर दांडा न पुसता एकही कटर मी बसवलेला नाही.

मापाचीही एक मेख आहे. ईआर कॉलेटवर ‘१०-९’ असं कोरलेलं असतं, म्हणजे दहापासून नऊपर्यंतचा दांडा तो धरू शकतो. एक मिलिमीटर मिटायला आठ अंशांच्या उतारावर तो साडेतीन मिलिमीटर आत जावा लागतो. नटचे आटे दीड मिलिमीटरचे, म्हणजे नटचे जवळजवळ अडीच फेरे. इतका मिटलेला कॉलेट सगळीकडून सारखा टेकत नाही, कडांवर टेकतो. ड्रिलला चालतं. मिलिंगच्या कटरला, म्हणजे एंडमिलला, दहाचा दांडा दहाच्याच कॉलेटमध्ये हवा. आणि वरच्या मापाहून जाड दांडा ठोकून बसवणं म्हणजे कॉलेट कायमचा फाकवणं. दांडाही कॉलेटच्या भोकात निदान दोन-तृतीयांश लांबीपर्यंत शिरलेला असावा. नुसता तोंडाशी धरला तर पुढचा भाग मिटतो, मागचा मोकळा राहतो आणि आतून भोक कर्ण्यासारखं होतं. तेच रिकामा कॉलेट आवळण्याचं. संध्याकाळी ‘नट हरवायला नको’ म्हणून कटर न घालता नट घट्ट करून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. आत आधार नसताना मिटलेला कॉलेट पुन्हा आपल्या मापाला येत नाही.

चार वाजता चहा आला. ताईंनी हात धुतले आणि मग एक नवी मुलगी, आयटीआय करून आलेली अप्रेंटिस, तिला घेऊन त्या तिसऱ्या नंबरच्या मशिनपाशी गेल्या. सकाळपासून त्या मशिनवरच्या पिसांवर रेघा येत होत्या. “काय करशील?” त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, “कॉलेट बदलते, ताई.” “आधी चोर कोण ते तर बघ.”

मग सुरू झाली ती तपासणी बघत मी चहा विसरलो. मॅग्नेटवर लिव्हर डायल, शॉपच्या भाषेत पपिटास. प्रथम होल्डर काढून स्पिंडलच्या आतल्या उतारावर डायलचं टोक टेकवलं आणि स्पिंडल हाताने फिरवला. काटा दोन मायक्रॉनच्या आत. स्पिंडल निर्दोष. मग होल्डर बसवून, कॉलेट न घालता, होल्डरच्या आतल्या उतारावर. चार. तोही बरा. मग कॉलेट आणि कटरच्या जागी सरळ ग्राइंड केलेली दहाची टेस्ट पिन. नटच्या अगदी जवळ नऊ मायक्रॉन. तिथून पंचवीस मिलिमीटर खाली, जिथे या मापाच्या कॉलेटची चाचणी घ्यायची मानकाची पद्धत आहे, तिथे चौतीस. “जवळ कमी, लांब जास्त,” ताई म्हणाल्या. “म्हणजे?” मुलगी क्षणभर थांबली. “वाकडा बसलाय.” “कोण?” कॉलेट पिनभोवती अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला. काट्याचं वरचं टोक कॉलेटबरोबर फिरलं असतं तर चूक कॉलेटची. ते जागचं हललं नाही. आता नट बदलला. पंचवीस मिलिमीटरवर आठ.

जुन्या नटच्या आत बॅटरी मारून त्यांनी मुलीला दाखवलं. कड्याच्या एका बाजूला तांदळाच्या कणीएवढी चेचलेली जागा चकाकत होती. साध्या दर्जाच्या कॉलेटकडून दहा-पंधरा मायक्रॉनची अपेक्षा धरतात, खास दर्जाच्याकडून पाचची. महागडे कॉलेट आणून त्याच चेचलेल्या नटमध्ये घातले असते तरी काटा चौतीसच्या आसपासच राहिला असता. अधिक नेमकेपणासाठी हायड्रॉलिक होल्डर आहेत, तापवून कटर बसवायचे श्रिंक-फिट होल्डर आहेत. बारीक फिनिशिंगला त्यांना तोड नाही. पण रोजच्या सत्तर प्रकारच्या कामांना, बदलत्या मापांना, छोट्या शॉपच्या खिशाला ईआरच परवडतो आणि नीट सांभाळला तर निभावतोही.

सांभाळायचं म्हणजे काय, तर प्रत्येक वेळी कटर बदलताना कॉलेट नटमधून बाहेर काढून फटी साफ करायच्या. फटीत अडकलेली चिप कॉलेटला मिटू देत नाही. होल्डरची खोबण आतून पुसायची, आणि ती कॉटन वेस्टने नको. वेस्टचे धागे सुटतात आणि तेच उतारात बसतात. सुती कपडा किंवा निमुळता वायपर घ्यावा. संशय आला तर उतारावर निळ्याचा पातळ थर देऊन कॉलेट बसवून बघायचा. निळं सगळीकडे सारखं उठलं तर ठीक, एकाच पट्ट्यावर उठलं तर तिथे कहाणी आहे. उतारावर तपकिरी डाग पडले असतील तर पॉलिश पेपर मारायचा मोह होतो. मारू नये. आठ अंशांचा जो उतार ग्राइंडिंग मशिनवर तयार झाला, तो हाताने घासून पुन्हा मिळत नाही.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, पावसाळा. जुलैमध्ये शनिवारी बाहेर ठेवलेला कॉलेट सोमवारी तांबूस दिसतो. कोकणात, गोव्यात याहून वाईट. काम संपल्यावर पुसून, तेलाचा हलका हात देऊन, झाकणाच्या डब्यात आपापल्या भोकात ठेवणं, आणि सकाळी वापरताना ते तेल पुन्हा पुसणं. दोन्ही वेळचं पुसणं तितकंच गरजेचं. काही लोकांच्या हाताला घाम जास्त असतो. त्यांच्या बोटांचे ठसे उतारावर गंजून उमटलेले मी पाहिले आहेत.

सहा वाजेपर्यंत ट्रे रिकामा झाला. पुसलेले कॉलेट डब्यात गेले आणि टेबलावर पंधरा वेगळे उरले. काहींचं तोंड फाकलेलं, दोघांच्या एका पाकळीला चीर, बाकीच्यांच्या भोकात कटर घसरल्याचे ओरखडे. मालक येऊन बघून गेले. “एवढे बाद, ताई? ड्रिलला तरी ठेवा.” त्या म्हणाल्या, “साहेब, ड्रिलला म्हणून ठेवलेला कॉलेट रात्रपाळीत एंडमिलला लागतो.” मालकांनी हिशेब केला असावा, पुढे काही बोलले नाहीत. बोहरी आळीतल्या दुकानात फोन करायला आत गेले.

ते पंधरा भंगाराच्या पेटीत टाकायला मी हात पुढे केला तर ताईंनी अडवलं. पेटीत टाकलेला कॉलेट आठवड्याभरात परत ट्रेमध्ये येतो, असा त्यांचा अनुभव. कुणाला तरी घाईत दहाचा सापडत नाही, पेटीत एक चकचकीत दिसतो, तो उचलतो. त्यांनी गॉगल लावला, हँडग्राइंडर सुरू केला आणि अप्रेंटिस मुलीला एकेक कॉलेट व्हाइसमध्ये पकडायला सांगितलं. प्रत्येकाच्या उतारावर त्या एक आडवी खोल खाच मारत गेल्या. बाहेर कुणीतरी मशिनच्या दाराला आंब्याचं तोरण बांधत होतं. अकराव्या कॉलेटपाशी मुलीने ग्राइंडर मागितला. ताईंनी आधी तिला गॉगल दिला.